हर्पीसच्या फोडांची घरी काळजी कशी घ्यावी? लघवीला जायची भीती वाटते

पाऊलवाट

नमस्कार. हा आयडी फक्त या प्रश्नासाठी काढला आहे, समजून घ्या.

गेल्या आठवड्यात अंग मोडून आलं, ताप आला, दोन्ही जांघांत गाठी दुखायला लागल्या आणि मग खाली योनीच्या तोंडाशी पाण्याचे बारीक फोड उठले. आता ते फुटून कच्च्या जखमा झाल्या आहेत. डॉक्टरांनी बघताक्षणी हर्पीस सांगितलं, जखमेतला स्राव तपासणीला पाठवला आणि व्हॅलासायक्लोवीरच्या गोळ्या दिल्या. त्या सुरू आहेत. पण "गोळ्या घ्या, स्वच्छता ठेवा" यापलीकडे ते काही बोलले नाहीत आणि माझ्या तोंडून एकही प्रश्न फुटला नाही.

लघवी करताना जीव जातो. रडू येतं अक्षरशः. सारखं जावं लागू नये म्हणून पाणी पिणंच कमी केलं आहे. चड्डी जखमेला चिकटते आणि काढताना सालपट निघाल्यासारखं होतं. जंतुनाशक पाण्यात घालून धुतलं तर आगीचा डोंब उसळला. जखमेवर काही लावायचं की कोरडी ठेवायची? आणि घरात बाथरूम एकच आहे, धाकटी बहीण आमच्याकडे राहते. तिला होईल का?

नवऱ्याला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. त्याला असं कधीच काही झालेलं नाही, म्हणून तो काय अर्थ काढेल याची धास्ती आहे.

सायंतारा

पाऊलवाट, बाकीचं नंतर वाच. आधी उठून भरपूर पाणी पी.

पाणी कमी प्यायलं की लघवी पिवळीजर्द होते आणि तीच जखमेला जास्त झोंबते. भरपूर पाणी प्यायलीस तर जावं लागेल जास्त वेळा, पण प्रत्येक वेळची आग कमी होईल. शिवाय तुझ्या गोळ्या मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, त्यासाठीही पाणी हवंच.

मी डॉक्टर नाही. हा आजार घेऊन बरीच वर्षं जगते आहे आणि दर वेळी डॉक्टरांना खोदून खोदून विचारते, त्यातून जे कळलं ते सांगते. तुझं वाचून मला खरोखर कसंतरी झालं, कारण ही पहिली वेळ सगळ्यात वाईट असते. शरीराची या विषाणूशी ओळखच नसते, म्हणून ताप, गाठी, अंगदुखी सगळं एकदम. गोळ्या न घेता ही पहिली वेळ दोन ते चार आठवडे रेंगाळू शकते. पुढे कधी उठलं तर बहुतेक वेळा थोडेसे फोड, एखाद्याच बाजूला, आणि आठवडा-दहा दिवसांत खपली पडून मोकळं. दर वेळी असंच होणार असं समजून खचून जाऊ नकोस.

आता लघवीचं. एक मग कोमट पाण्याने भरून ने. निमुळत्या तोंडाची बाटली असेल तर आणखी बरं. लघवी सुरू व्हायच्या आधी जखमांवर पाण्याची धार धर, लघवी होत असताना धार चालू ठेव आणि संपल्यावरही थोडी ओत. लघवी जखमेवर पोचते तीच पातळ होऊन. मी किंचित पुढे झुकून बसते, त्याने धार जखमांपासून लांब जाते, पण ते प्रत्येकीच्या जखमा कुठे आहेत त्यावर आहे. हेही सोसवेना तर पसरट टबात कोमट पाणी घेऊन त्यात बस आणि पाण्यातच लघवी कर. संकोच वाटेल, पण डॉक्टर आणि नर्ससुद्धा हेच सुचवतात. नंतर अंगावर स्वच्छ पाणी घे आणि टब धुऊन टाक, झालं.

लिग्नोकेनचं (काही ठिकाणी लिडोकेन म्हणतात) जेल किंवा मलम मिळतं, त्याने जागा तेवढ्यापुरती बधिर होते. डॉक्टरांना फोन करून विचार, यासाठी पुन्हा जायची गरज पडणार नाही. लघवीच्या थोडं आधी, स्वच्छ हाताने, पातळसर लावायचं. दिवसभर थापून ठेवायचं नाही. बेंझोकेन असलेली मलमं मात्र टाळ, त्यांची अ‍ॅलर्जी उठायची शक्यता जास्त असते.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेव. लघवी लागली आहे, ओटीपोट तट्ट फुगलं आहे, आणि तरी थेंबही उतरत नाही, असं झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, तडक हॉस्पिटलमध्ये जायचं. कधी दुखण्याच्या भीतीने लघवी अडते, तर कधी हा विषाणू मूत्राशयाच्या नसांवर परिणाम करतो म्हणून. तात्पुरती नळी घालतात, मोकळं होतं. त्यात लाजायचं काही नाही.

आता "काही लावू की कोरडं ठेवू". माझं ठाम मत आहे की जखमेवर जितकं कमी कराल तितकं बरं. हा विषाणू कातडीवर राहत नाही. त्याचा मुक्काम कमरेच्या खाली, माकडहाडाजवळच्या नसांच्या गाठींमध्ये असतो आणि तिथून तो नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. वरून काहीही चोपडलं तरी ते तिथवर पोचत नाही. गुप्तांगाच्या हर्पीसमध्ये असायक्लोवीरच्या मलमाचासुद्धा उपयोग फार थोडा होतो, खरं काम पोटात घेतलेली गोळी करते. ती विषाणूची वाढ थांबवते, जखम शरीर स्वतःच भरून काढतं. आपण फक्त त्याच्या आड यायचं नाही.

म्हणून जंतुनाशक आजपासून बंद. ते विषाणूला नसेत जाऊन मारत नाही, नुसतं कच्चं मांस भाजून काढतं. सुगंधी साबण, पावडर, ओले वाइप्स, टूथपेस्ट, कुणी सांगितलेला लेप, सगळं बाजूला ठेव. दिवसातून दोन-तीनदा मिठाच्या कोमट पाण्यात बस: साधारण अर्ध्या लिटर पाण्याला एक छोटा चमचा मीठ. पाणी कोमटच हवं, कडकडीत नको. मग टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. टिपणंही सोसत नसेल तर हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून हातभर अंतरावरून धर. मी अजूनही तेच करते, टॉवेलपेक्षा मला ते कधीही परवडतं. ठणका जास्त असेल तर बर्फ कापडात गुंडाळून पाच-दहा मिनिटं शेक, उघडा बर्फ कातडीला लावू नकोस. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन चालतं, तुला मूत्रपिंडाचा, आम्लपित्ताचा वगैरे त्रास नसेल आणि डॉक्टरांनी मना केलं नसेल तर.

चिकटलेली चड्डी ओढू नकोस गं. तोच मग घे, चिकटलेल्या जागी कोमट पाणी ओत आणि कापड चांगलं भिजू दे. आतला वाळलेला स्राव मऊ झाला की कापड आपसूक सुटतं. मुळात घरात असशील तेव्हा चड्डी घालूच नकोस, ढगळ गाऊन पुरे. रात्री तर नकोच. बाहेर जाताना सैल, सुती घाल. खपली धरायला लागली की ती ताणून तडकते, तेव्हा स्वच्छ बोटाने पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिलास तर आराम पडतो, घासही लागत नाही.

आणखी एक. हातात आरसा घेऊन बघशील तर जखमेच्या कडा लालबुंद आणि मधे पिवळट-पांढरा ओलसर थर दिसेल. तो पू वाटतो, आणि कापसाने खरवडून काढावासा वाटतो. काढू नकोस. भरत्या जखमेवर असा थर येतोच. खरोखर दुसरा जंतुसंसर्ग झाला तर लाली जखमेच्या बाहेर पसरत जाते, जागा गरम आणि टणक लागते, घाण वास येतो, उतरलेला ताप परत चढतो. तसं दिसलं तर डॉक्टरांना दाखव. उगाच सारखं बघतही बसू नकोस, दिवसातून एकदा पुरे.

जखमेला हात लागला की साबणाने हात धू. डोळ्यांना तर अजिबात हात नको. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर बरं होईपर्यंत चष्माच लाव. डोळ्यातला हर्पीस बुबुळाला जखम करतो, नजरेवर परिणाम होऊ शकतो.

बहिणीची काळजी सोड. हा आजार कातडीला कातडी लागून पसरतो. कमोडच्या सीटवरून, बादलीवरून, दाराच्या कडीवरून होत नाही. टॉवेल आणि आतले कपडे तेवढे वेगळे ठेव, ते एरवीही वेगळेच असतात.

नवऱ्याचं वेगळं लिहिते, ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही.

उंबरठा

सायंताराताईंनी सगळं नीट सांगितलं आहे. मी ओठांवरच्या फोडांबद्दल दोन शब्द लिहितो, कारण हा धागा शोधत येणाऱ्यांत तेही असतील.

मला ओठाच्या डाव्या कडेला उठतं, बहुतेक दर वेळी तिथेच. आदल्या रात्री मुंग्या येतात, जागा चुरचुरते, जराशी जड वाटते. ती रात्र महत्त्वाची. गोळी तेव्हाच घेतली तर फायदा, फोड फुटून खपली आल्यावर घेऊन काही हाती लागत नाही. माझ्या डॉक्टरांनी एका दिवसाचा कोर्स लिहून ठेवला आहे: व्हॅलासायक्लोवीर 2 ग्रॅम, बारा तासांनी पुन्हा 2 ग्रॅम, बास. हा ओठांसाठीचा डोस आहे, पाऊलवाट, तुमचा वेगळा असणार, तो बदलू नका. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना डोस कमी करावा लागतो, म्हणून माझं बघून कुणी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

कडक उन्हात दिवसभर फिरलो की मला हमखास उठतं. आता 30 एसपीएफचं लिप बाम लावल्याशिवाय बाहेर पडत नाही.

आणि हे मी जाईन तिथे सांगतो: ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाचा पापा घ्यायचा नाही. पहिल्या महिन्यात बाळाला हर्पीस झाला तर तो मेंदूत आणि यकृतात पसरू शकतो, जीवावर बेततं. बाळाला बघायला येणारा माणूस कितीही जवळचा असो, त्याला थांबवायचं. वाईट वाटलं तर वाटू दे.

पाऊलवाट

सायंतारा ताई, मगाच्या पाण्याने खरंच फरक पडला. आज पहिल्यांदा न रडता जाऊन आले. जंतुनाशकाची बाटलीही उचलून ठेवली.

नवऱ्याबद्दल लिहाल का? आणि जखम बरी झाली हे नक्की कधी समजायचं? खपली आली की झालं का?

सायंतारा

वाचून जीव भांड्यात पडला.

खपली म्हणजे बरं नव्हे. खपली पडून खाली सलग, कोरडी, नवी कातडी आली, बोट लावलं तर दुखत नाही, तेव्हा बरं. तोपर्यंत संबंध नाही, कुठल्याही प्रकारचा नाही, कंडोम लावूनही नाही, कारण कंडोम सगळी जागा झाकत नाही. पुढेही मुंग्या किंवा चुरचुर सुरू झाली की तेव्हापासूनच थांबायचं, फोड दिसायची वाट बघायची नाही. एरवी कंडोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही. फोड नसतानाही अधूनमधून कातडीवर विषाणू येत असतो, आणि बऱ्याच जणांना लागण होते ती अशाच वेळी.

तुझ्या नवऱ्याचा प्रश्न इथेच येतो. "मला कधी काही झालं नाही" म्हणणाऱ्याच्या अंगात हा विषाणू नसतोच असं नाही. बहुतेकांना लक्षणंच नसतात, किंवा इतकी किरकोळ असतात की खाज, घामोळं, घासल्याची खूण म्हणून सोडून दिली जातात. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 सालचा अंदाज असा, की जगात 50 वर्षांखालच्या सुमारे 380 कोटी लोकांच्या अंगात हर्पीसच्या विषाणूचा टाइप 1 (जास्त करून ओठांवरचा) आहे, आणि 15 ते 49 वयाच्या सुमारे 52 कोटींच्या अंगात टाइप 2 (जास्त करून गुप्तांगाचा). टाइप 1 बऱ्याच जणांना लहानपणीच मिळतो, घरातल्याच कुणाच्या तरी पाप्यातून. ओठावर कधीकाळी फोड येऊन गेलेल्या माणसाकडून मुखमैथुनातून तोच विषाणू गुप्तांगाला होऊ शकतो. लागण झाल्यावर काही दिवसांत फोड येतात तसे वर्षांनंतरही पहिल्यांदा येऊ शकतात. त्यामुळे कुणाकडून आलं, कधी आलं, हे आत्ताच्या फोडांवरून कुणीही सांगू शकत नाही. डॉक्टरही नाही. हे त्याला आधी सांग, मग बाकीचं. भांडण पेटलं की माहिती कुणी ऐकून घेत नाही.

शक्य असेल तर डॉक्टरांकडे दोघं मिळून जा. स्रावाच्या तपासणीत टाइप 1 की 2 हे कळतं का ते विचार, कारण पुढचा अंदाज त्यावर बांधता येतो. गुप्तांगाला टाइप 1 असेल तर पहिल्या वर्षात सरासरी एखाद्या वेळी परत उठतं, टाइप 2 असेल तर चारच्या आसपास, आणि दोन्हींत पुढे ते कमी होत जातं. रक्ताची आयजीएम तपासणी कुणी सुचवली तर पैसे घालवू नकोस, तिच्यावरून लागण नवी की जुनी हे खात्रीने कळत नाही. सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी मात्र एकदा करून घे. गुप्तांगावर जखम असली की ती करतातच, यात तुझ्यावर कुणाचा संशय आहे असं मनात आणू नकोस.

मी माझ्या माणसाला सांगितलं तेव्हा कागदावर मुद्दे लिहून घेतले होते. आवाज कापत होता. पण कागद समोर होता म्हणून मधेच गाडी रुळावरून घसरली नाही.

टिपूर

मला पण अधूनमधून येतं खाली. घरात खाजेची एक ट्यूब आहे, ती लावली की लाली लगेच बसते. ती चालेल का? आणि हर्पीस म्हणजे नागीणच ना?

सायंतारा

टिपूर, ती ट्यूब लावू नका. खाजेच्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. लाली बसते ती त्यामुळेच, पण त्याच वेळी त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. बरं वाटतं आणि आत जखम चिघळते, म्हणून मला ही मलमं जंतुनाशकापेक्षा जास्त घातक वाटतात. ट्यूबवरचं नाव डॉक्टरांना दाखवा. आणि अधूनमधून येतं ते हर्पीसच आहे हे कुणी तपासून सांगितलं आहे का? नसेल तर पुढच्या वेळी फोड ताजे असतानाच जा. ओल्या फोडातला स्राव घेतला तर तपासणी नीट येते, वाळलेल्या खपलीत बऱ्याचदा काही सापडत नाही.

नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूची, गोळ्या त्याच घराण्यातल्या पण डोस बराच मोठा. एकीचा डोस दुसरीला वापरू नका.

वारंवार होत असेल तर रोजची गोळी असते, त्याबद्दल विचारा. रोज घेतली तर उठण्याचं प्रमाण 70 ते 80 टक्क्यांनी कमी होतं आणि जोडीदाराला लागण होण्याची शक्यताही घटते. मी स्वतः दोन्ही करून पाहिलं: काही काळ रोज घेतली, आता उठेल तेव्हाच घेते. पाकीट पर्समध्येच असतं, कारण चुरचुर सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत सुरू केली तरच तिचा खरा उपयोग.

पाऊलवाट

काल रात्री त्याला सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, लहानपणी त्याच्या ओठावर "ताप उतरल्याचे" फोड यायचे. उद्या दोघं जातोय डॉक्टरांकडे.

शेवटचा प्रश्न. पुढच्या वर्षी आम्ही मुलाचा विचार करत होतो. आता?

सायंतारा

करा की विचार. हर्पीस असलेल्या बायकांना निरोगी मुलं होतात, बहुतेकींची तर नेहमीसारखी प्रसूती होते. सगळ्यात जास्त धोका असतो तो गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर, कारण बाळाला आईकडून प्रतिपिंडं मिळायला वेळच उरत नाही. तुला ती आत्ताच झाली आहे, म्हणजे तोवर तुझ्या रक्तात प्रतिपिंडं तयार असतील.

नाव घालशील त्या पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगून ठेव आणि फाइलवर लिहून घे. साधारण 36व्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत असायक्लोवीर किंवा व्हॅलासायक्लोवीर देतात, म्हणजे ऐन वेळी फोड उठत नाहीत. कळा सुरू झाल्यावर फोड किंवा नुसती चुरचुर असली तरी लगेच सांगायचं, तेव्हा सिझेरियन करतात.

उद्या जाताना गोळ्यांचं पाकीट बरोबर ने, आणि लिग्नोकेनचं विचारायला विसरू नकोस.